भिल्लांचं बंड आणि बाहेरचा हात

खानदेशातलं असोदा म्हटलं की बहिणाबाई चौधरी आठवतात. १८८० साली त्यांचा जन्म या गावात झाला आणि त्यांच्या गाण्यांतून तापीकाठचा शेतकरी, त्याची पेरणी, त्याचं खळं मराठी घराघरांत पोचलं. पण खळ्यावर धान्याची रास पडली की आपला हक्काचा वाटा न्यायला आणखी एक माणूस तिथे उभा राहायचा. त्याची गोष्ट मात्र खानदेशाबाहेर फारशी कुणी ऐकलेली नाही. तो गावचा जागल्या, खानदेशात बहुतेक ठिकाणी भिल्ल. रात्री शिवार राखायचं, चोरी झाली तर पावलांचा माग काढायचा, आणि माग शेजारच्या गावच्या शिवेत शिरला की तो तिथल्या जागल्याच्या हवाली करायचा. हे त्याचं काम. बदल्यात प्रत्येक खळ्यावर ठरलेलं धान्य, सणावाराला मान, कुठे थोडी इनाम जमीन. हा त्याचा हक्क होता, भीक नव्हे.

असोदा, नशिराबाद, भादली ही सपाट काळ्या जमिनीवरची गावं. उत्तरेला तापीपलीकडे सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याची आणि सातमाळ्याची रांग. डोंगरातल्या भिल्ल नाईकांची व्यवस्था वेगळी होती. घाटवाट त्यांच्या ताब्यात असे. तांडा, व्यापारी, सरकारी खजिना सुखरूप पार करून देण्याबद्दल त्यांना ठरीव रक्कम मिळे. मैदानातला जागल्या आणि डोंगरातला नाईक हे एकमेकांचे सोयरे असत. गावानं हक्क बंद केला तर जागल्या डोंगराकडे चालता होई आणि काही दिवसांनी माणसं घेऊन त्याच गावावर उतरे. ज्याला सरकारी कागदात लूट म्हटलं गेलं, तिच्यातला मोठा भाग ही थकलेल्या हक्काची वसुली होती. १८१८ साली इंग्रजांनी खानदेश जिंकला आणि पुढं दहा-बारा वर्षं भिल्ल शांत का होत नाहीत याचा शोध घेतला, तेव्हा ही साधी गोष्ट लक्षात यायला त्यांना फार वेळ लागला. आधी त्यांना सगळीकडे बाहेरचा हात दिसत होता.

तो अगदीच खोटाही नव्हता, म्हणून हे प्रकरण नीट उलगडून पाहण्यासारखं आहे.

मूळ व्यवस्था मोडली ती इंग्रज येण्याआधीच. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांच्या फौजा खानदेशातून गेल्या आणि मुलूख धुऊन निघाला. पाठोपाठ १८०३ चा दुष्काळ. गावं ओस पडली. खळंच नाही तिथे खळ्यावरचा हक्क कुठला? भिल्लांच्या टोळ्या डोंगरातून उतरू लागल्या आणि पेशव्यांच्या कारभाऱ्यांनी त्याला दिलेलं उत्तर भयानक होतं. १८०४ मध्ये सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण यानं कोपरगावला भिल्लांना बोलणीसाठी बोलावलं, दगा करून पकडलं आणि अनेकांना विहिरींत ढकलून मारलं. पुढच्या काही वर्षांत त्रिंबकजी डेंगळ्याच्या हाताखालच्या माणसांनी केलेल्या कत्तलींत हजारो भिल्ल मेल्याचं इंग्रजी नोंदी सांगतात. जेत्यानं आधीच्या राजवटीचं पाप मोठं करून लिहिलं असेल, हे धरून चालू. तरी कोपरगावच्या विहिरी भिल्लांच्या आठवणीत किती खोल गेल्या होत्या याचा पुरावा वीस वर्षांनी मिळाला. तो पुढे येईलच.

याच काळात खानदेशात अरब शिपाई पसरले होते. यांतले बरेचसे आजच्या येमेनमधल्या हद्रमौतचे. समुद्र ओलांडून ते सुरतेच्या बाजूनं आणि हैदराबादेमार्गे इकडे येत. तटाच्या आड उभं राहून लढण्यात त्यांचा हात कुणी धरत नसे, म्हणून किल्ल्यांच्या शिबंदीत त्यांना मोठी मागणी होती. पेशव्यांच्या पायदळात अरबाला महिना १५ रुपये, हिंदुस्तानी शिपायाला ८ आणि मराठा वा दक्षिणी शिपायाला ६ असा दर असल्याचं इतिहासकार ग्रँट डफनं लिहून ठेवलं आहे. परक्या माणसाला घरच्यापेक्षा अडीचपट पगार! त्यातून साठलेला पैसा ते व्याजानं देत. पाटील कर्जात, गाव कर्जात आणि सावकाराच्या कमरेला जंबिया. पगार थकला की किल्लाच अडवून बसायचं. १८१८ पर्यंत खानदेशातल्या कितीतरी गढ्यांवर नावाला होळकर किंवा पेशवा आणि प्रत्यक्षात अरब जमादार अशी स्थिती आली होती.

नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीला पेशवे आणि इंग्रज यांची लढाई झाली, डिसेंबरात महिदपूरला होळकरांचा पराभव झाला आणि ६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहानं सातपुड्याच्या दक्षिणेकडचा होळकरांचा मुलूख कंपनीकडे गेला. कागदावर खानदेश इंग्रजांचा झाला. युद्ध अजून संपलेलं नव्हतं. दुसरा बाजीराव फौजेनिशी फिरत होता, तो शरण आला जूनमध्ये. तोवर खानदेश म्हणजे युद्ध चालू असताना व्यापलेला मुलूख होता, आणि अशा मुलखात नवा मालक किती घाबरलेला असतो हे थाळनेरला दिसलं.

थाळनेर म्हणजे तापीच्या उत्तर काठावरचा फारुकी सुलतानांच्या वेळचा जुना किल्ला, आता शिरपूर तालुक्यात. सर थॉमस हिस्लॉपची फौज माळव्यातून सेंधव्याच्या घाटानं उतरून २७ फेब्रुवारी १८१८ ला तिथे आली. तहाप्रमाणे किल्ला द्यायचा होता. किल्लेदार तुळशीराम मामा होळकरांचा माणूस. आत सुमारे तीनशे शिबंदी, तीत अरब बरेच. तोफा सुरू झाल्या, बाहेरचे दरवाजे पडले आणि किल्लेदार स्वतः बाहेर येऊन इंग्रजांच्या हाती आला. शेवटच्या दरवाजाची दिंडी उघडली गेली. मेजर गॉर्डन, कॅप्टन मॅकग्रेगर आणि थोडे शिपाई त्या अरुंद दिंडीतून आत शिरले. आतल्यांना अटी माहीत नव्हत्या, एकाची भाषा दुसऱ्याला कळत नव्हती, हातात नंगी हत्यारं होती. कुणीतरी कुणाच्या तरी बंदुकीला हात घातला असावा. क्षणात दोघे अधिकारी मारले गेले. मग बाहेरची फौज आत घुसली आणि सगळी शिबंदी कापून काढली. त्याच संध्याकाळी तुळशीराम मामाला फाशी दिली. तो तर आधीच शरण आला होता. पुढच्या वर्षी लंडनच्या संसदेत हिस्लॉपच्या फौजेचे आभार मानण्याचा ठराव आला तेव्हा या फाशीवर प्रश्न उभे राहिले आणि आभारांतून ते कृत्य वगळावं लागलं. जिंकलेल्यांनाही ते पचलं नव्हतं.

मालेगावच्या भुईकोटात अरबांनी मे-जून १८१८ मध्ये महिनाभर वेढा सोसला. इंग्रजांची दोनशेच्या आसपास माणसं तिथे मेली किंवा जखमी झाली, आणि आतलं दारूचं कोठार उडाल्यावरच किल्ला पडला. नोव्हेंबरात बोरी नदीकाठी अंमळनेरच्या गढीतला अली जमादार हटला. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन तेव्हा पेशव्यांच्या जिंकलेल्या मुलखाचा कमिशनर होता. अरबांना या मुलखात ठेवायचं नाही, हे त्याचं धोरण पक्कं होतं. वर्ष संपता संपता खानदेशात अरब ही लष्करी शक्ती उरली नाही.

भिल्लांचे हल्ले मात्र वाढतच गेले.

कॅप्टन जॉन ब्रिग्ज खानदेशचा पोलिटिकल एजंट झाला आणि त्यानं धुळे हे ठाणं केलं. आजचं धुळं शहर म्हणून उभं राहिलं ते या निर्णयामुळे. ब्रिग्ज मेहनती माणूस होता, फार्सी जाणणारा. पुढं फिरिश्त्याच्या इतिहासाचं भाषांतर त्यानंच केलं. पण भिल्लांच्या बाबतीत त्याच्या वरिष्ठांची आणि त्याची नजर पहिल्यांदा चिथावणीखोरांकडे गेली, आणि ते होतेही. त्रिंबकजी डेंगळे हा बाजीरावाचा लाडका कारभारी. १८१५ मध्ये पंढरपूरला गायकवाडांचा वकील गंगाधरशास्त्री याचा खून झाला, त्यावरून इंग्रजांनी त्याला ठाण्याच्या किल्ल्यात कोंडलं आणि १८१६ मध्ये तो तिथून निसटला. मग डोंगराडोंगरांतून भिल्ल, रामोशी, मांग यांची माणसं जमवत फिरला. जून १८१८ मध्ये निफाडजवळ अहिरगावला तो पकडला गेला आणि दूर चुनारला पाठवला गेला. त्याचा पुतण्या गोदाजी मात्र खानदेशात माणसं उठवत राहिला. भिल्लांच्या पोटावर ज्याच्या राजवटीनं पाय दिला, त्याच त्रिंबकजीच्या नावानं भिल्ल उठले. हे कोडं वरवर पाहिलं तर सुटत नाही.

माझ्या मते त्याचा उलगडा असा. भिल्ल नाईकाला बंडाचं कारण त्रिंबकजीकडून घ्यायची गरज नव्हती, ते त्याच्या घरात होतं. त्याला हवं होतं छत्र. कोणाच्या तरी गादीच्या नावानं घाट अडवला तर ती सरदारी ठरते, आणि स्वतःच्या नावानं अडवला तर ती चोरी ठरते. शतकानुशतकं या मुलखात सत्तेचा व्यवहार असाच चालत आला होता. डेंगळ्याला माणसं हवी होती, नाईकाला नाव हवं होतं. दोघांनी एकमेकांना वापरलं.

ब्रिग्जनं दोन्ही वाटा चोखाळल्या. जो नाईक येईल त्याला माफी आणि तनखा, जो येणार नाही त्याच्या घाटांची नाकेबंदी. धान्य वर जाऊ द्यायचं नाही, उपासमारीनं खाली उतरवायचं. सातमाळ्यातला चील नाईक १८१९ मध्ये धरला गेला आणि फासावर गेला. त्याच्या जागी दुसरे उभे राहिले. सातपुड्यात गेलेल्या पलटणींना तीर लागले त्याहून जास्त हिवतापानं खाल्लं. पावसाळ्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत तिथल्या चौकीवर राहणं म्हणजे मरण ओढवून घेणं होतं. आणि तनखे? काही नाईकांना मिळाले, काहींचे थकले, मैदानातल्या जागल्याच्या खळ्यावरच्या हक्काकडे तर कुणाचं लक्षच नव्हतं. नव्या राज्यात पोलीस आले होते आणि पाटील म्हणू लागले होते, राखण सरकार करतंय, मग तुला धान्य कशाला? १८२३ मध्ये ब्रिग्ज साताऱ्याला रेसिडेंट म्हणून गेला तेव्हा खानदेश शांत झालेला नव्हता.

१८२५ मध्ये बागलाणात जे घडलं ते या सगळ्याचं सारच आहे. सेवाराम नावाच्या एका सोनारानं साताऱ्याच्या राजाच्या नावाची बनावट पत्रं तयार केली. पेशवाई परत येतेय, उठा, असा त्यांचा मतलब. त्या कागदांवर भिल्ल जमले, एक डोंगरी किल्ला ताब्यात घेतला, निशाण लावलं. साताऱ्याचे प्रतापसिंह छत्रपती तर स्वतः इंग्रजांनी १८१८ मध्ये गादीवर बसवलेले, रेसिडेंटच्या नजरेखालचे. त्यांच्याकडून एक अक्षरही आलेलं नव्हतं. म्हणजे बाहेरचा हात होता, आणि तो खोटा होता. तरी शेकडो माणसं जीव द्यायला तयार झाली. जेम्स आउट्रम नावाच्या बावीस वर्षांच्या लेफ्टनंटनं मालेगावहून शे-दोनशे शिपाई नेऊन रातोरात तो किल्ला घेतला. कागद खोटे ठरले. माणसं का जमली, हा प्रश्न मात्र शिल्लक राहिला, आणि या वेळी तो नीट विचारला गेला.

एल्फिन्स्टन आता मुंबईचा गव्हर्नर होता. पेशव्यांच्या दरबारात रेसिडेंट म्हणून वर्षं काढल्यामुळे हक्क, वतन, मान हे शब्द त्याला कळत होते. १८२५ मध्ये खानदेशात तीन भिल्ल एजन्सी नेमल्या गेल्या. वायव्येकडे नंदुरबार-सुलतानपूर आणि डांगाची बाजू, ईशान्येकडे चोपडा, यावल, एरंडोल, आणि दक्षिणेकडे कन्नडला सातमाळ्याची बाजू. एजंटांची कामं साधी पण आजवर कुणी न केलेली होती. जुने हक्क कुणाचे काय होते ते विचारून लिहायचे, ते चालू करायचे, गावकरी आणि भिल्ल यांच्या तक्रारी तिथेच तोडायच्या, मागचे गुन्हे सोडून द्यायचे. कन्नडला कॅप्टन ओव्हन्सनं बैल, नांगर, बियाण्यासाठी तगाई देऊन भिल्लांच्या वसाहती बसवल्या.

हक्क आणि वसाहती यांच्या जोडीला तिसरी गोष्ट म्हणजे भिल्ल पलटण. ती उभारायचं काम आउट्रमकडे आलं आणि तिचं ठाणं झालं धरणगाव, असोद्याहून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. सुरुवात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या माणसांनी झाली. नाईक येत, बघत, निघून जात. त्यांच्यात बोलवा अशी होती की सरकार सगळ्यांना एका जागी गोळा करतंय ते एकदम मारण्यासाठी. कोपरगावला असंच बोलावलं होतं ना? वीस वर्षांपूर्वीच्या त्या विहिरी अजून भरलेल्या नव्हत्या. आउट्रम त्यांच्यात एकटा राहिला, पहाऱ्याशिवाय झोपला, त्यांच्याबरोबर वाघाच्या मागावर पायी हिंडला. पुढं मालेगावच्या छावणीत ही नवी पलटण गेली तेव्हा जुन्या पलटणीतल्या उच्च जातीच्या शिपायांनी त्यांना पाहुण्यासारखं बोलावून पानसुपारी दिली. ही नोंद आउट्रमच्या चरित्रात येते. शिवता न येणारा, चोर म्हणून ओळखला जाणारा माणूस, त्याच्या तळहातावर सरकारी शिपायानं विडा ठेवला. पगाराइतकीच ही गोष्ट कामी आली असणार, असं मला मनापासून वाटतं.

धाडी कमी झाल्या. त्याचं श्रेय इंग्रजी पुस्तकं आउट्रमच्या धाडसाला देतात. मी ते हक्कांच्या वहीला देईन. अरब १८१८ मध्येच गेले, त्रिंबकजी त्याच वर्षी चुनारला गेला, बनावट पत्रं १८२५ मध्ये उघडी पडली. बाहेरचा हात हेच कारण असतं तर सात वर्षं आधी खानदेश निवला असता.

जगात हा प्रकार पुन्हा पुन्हा झाला आहे. ऑगस्ट १९४१ मध्ये दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि सोव्हिएत फौजांनी इराण व्यापला. ब्रिटिश बाजूनं शिरलेल्या फौजेत हिंदी पलटणी मोठ्या संख्येनं होत्या. दक्षिणेकडच्या फार्स प्रांतात कश्काई टोळ्या उठल्या आणि त्यांचा प्रमुख नासिर खान याच्याकडे शुल्त्से-होल्थुस हा जर्मन हेर जाऊन राहिला. दोस्तांच्या कागदांत हे जर्मन कारस्थान ठरलं. पण १९४३ च्या उन्हाळ्यात सेमिरोमला कश्काई आणि बोयर अहमदी टोळीवाल्यांनी इराणी लष्कराचं ठाणं बुडवलं त्याचं मूळ आधीच्या वीस वर्षांत होतं. इराणचा बादशहा रझाशहा यानं त्यांचं ऋतूप्रमाणे फिरणं बंद करून त्यांना सक्तीनं एका जागी बसवलं, हत्यारं काढून घेतली. नासिर खानाचे वडील शहाच्या कैदेत मेले. जर्मन हेर नसता तरी ते उठले असते. आणि जर्मनी हरते आहे असं दिसल्यावर १९४४ मध्ये नासिर खानानं ब्रिटिशांच्या हाती सापडलेले आपले भाऊ सोडवून घेण्यासाठी तो जर्मन पाहुणा त्यांच्या हवाली केला. गोदाजी डेंगळे आणि सातमाळ्याचे नाईक यांचा व्यवहार कळायला हे उदाहरण चांगलं.

खानदेशातली गोष्ट मात्र हक्कांच्या वहीवर सुखात संपली असं कुणी समजू नये. १८३१ मध्ये यावल-अडावदकडच्या तडवी भिल्लांवर आउट्रमनं मोहीम केली ती भिल्ल पलटण घेऊनच. १८५२ मध्ये जमीन मोजणीला विरोध करून सावदा, फैजपूर, एरंडोलचे शेतकरी उठले, तेव्हा त्यांचे पुढारी पकडायलाही हीच पलटण गेली. असोद्याच्या शेजारपाजारची कुणबी मंडळी आणि त्यांचे जागल्ये समोरासमोर उभे केले गेले. हा डाग आहे आणि तो सांगितला पाहिजे. १८५७ मध्ये सेंधवा घाटाची राखण करणारा सरकारी चाकर खाज्या नाईक भीमा नाईकाबरोबर उठला, आणि ११ एप्रिल १८५८ ला सातपुड्यात अंबापाणीला इंग्रज फौजेशी मोठी लढाई झाली. भिल्लांच्या बाजूनं तिथे मकराणी आणि अरबही लढले. सरकारी अहवालांत पुन्हा परक्यांचा उल्लेख ठळक, आणि खाज्याच्या स्वतःच्या गाऱ्हाण्याचा पुसट. भीमा नाईक पुढं अंदमानात मेला.

या सगळ्याची मोठी अडचण अशी की आपल्याकडचा जवळजवळ प्रत्येक कागद इंग्रजानं लिहिलेला आहे. थाळनेरची दिंडी, धरणगावची छावणी, अंबापाणी, सगळं त्यांच्या नजरेतून. जागल्याची बाजू असेल तर ती गावच्या मोडी कागदांत: कोणाच्या खळ्यावर किती धान्य, कोणत्या साली बंद झालं, कोणी तक्रार केली. असोदा, धरणगाव, सावदा, थाळनेर या भागांत जुन्या पाटीलकी-कुळकर्ण्यांच्या घरी असे रुमाल माळ्यावर पडून असतील. वाळवी लागण्याआधी, घर पाडण्याआधी ते उघडून बघा. मोडी वाचता येत नसेल तर धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात घेऊन जा. रद्दीत मात्र घालू नका.